शंभरात पाच

संकेश्वरात, स्टँडमागच्या बोळात
दुंडाप्पा कमत्यांचं दुकान, आठ बाय सहा.
शेजारी मिरचीची वखार.
त्यामुळे रेडिओ उघडला की आधी शिंक,
मग बिघाड.

पहिल्याच दिवशी मी नऊ व्होल्टच्या सेलला
तांबडा एलईडी थेट जोडला.
एकदाच चमकला, असा, की कॅलेंडरावरची तिथी वाचता आली.
मग काही नाही.
"काय करालीस गे?
मधी अडवणारं कोण ठेवलंस?"
विजेला ते नुसतं 'ती' म्हणत.
"तिला थांबायचं कळत नाही. वाट दिसली
की सगळीच्या सगळी जाती."

मग चिमट्यात धरला एक तांदळाएवढा तुकडा,
दोन तारांचे पाय, पोटावर पट्टे:
नारिंगी, नारिंगी, तपकिरी.
रंग ते मराठीत वाचत, आकडे कन्नडात.
मूरु, मूरु, आणिक एक सोन्ने.
तीनशे तीस ओहम.
दुसरा एलईडी लागला
आणि लागूनच राहिला,
दुपारभर, कुणाचं लक्ष नसताना.

अडवलेल्या विजेचं होतं काय, मी विचारलं.
त्यांनी अॅम्प्लिफायरकडे बोट केलं.
वर मांजर झोपलं होतं.

हुक्केरीहून पार्वतव्वा सेट घेऊन यायची,
सकाळी धारवाड, संध्याकाळी सांगली,
आणि आवाजाचं बटण फिरवलं की खरखर.
आत कार्बनचा नाल असतो, घोड्याच्या नालासारखा,
त्यावर एक पाय सरकतो:
जवळ आला तर रोध कमी, लांब गेला तर जास्त.
तिचा नाल एकाच जागी झिजलेला.
वीस वर्षं तिनं सगळं एवढ्याच आवाजात ऐकलं,
बाजारभाव, कीर्तन, जावयाच्या गावचा पूर.
"नवा टाकू काय, अव्वा?"
"नको. दुसरीकडं सरकव."

त्या सालात आमच्या पाटीवर
रात्री कुणीतरी डांबर फासलं.
कुठल्या अक्षरांवर, ते सांगत नाही.
सांगू नको म्हणाले होते.
सकाळी आले, पाटीकडे पाहिलं, कुलूप काढलं,
उदबत्ती लावली
आणि जत्रेचा जळका अॅम्प्लिफायर पुढ्यात ओढला.

एक रोधक कोळसा झालेला. पट्टे गेले.
नकाशा नाही, कंपनी बंद पडलेली.
"आता किंमत कशी वाचायची?"
त्यांनी ब्लेडनं हळूच काजळी खरवडली,
तुटल्याची जागा शोधली, केसाएवढी.
"या टोकापासून तुटल्यापर्यंत मोज."
दोनशे बारा.
"आता त्या टोकापासून."
दोनशे एकावन्न.
"बेरीज कर. वर थोडं जळक्याचं धर."
चारशे सत्तर.
पिवळा, जांभळा, तपकिरी. नाल्कु, एळु, सोन्ने.
डब्यात एकच निघाला.
कथलाचा थेंब वितळला, धूर वर गेला,
आणि माईकमधून दुंडाप्पा
आपल्याच दुकानात
स्वतःला हलो म्हणाले.

"हा शेवटचा सोनेरी पट्टा कशाचा?"
"शंभरात पाच इकडंतिकडं. नेमका कुणीच नसतो गे.
तेवढं धरूनच सर्किट करतात."
मग रॉकेलचा बोळा घेऊन बाहेर गेले.
डांबर पूर्ण निघालं नाही.
वाचता येण्याइतकं निघालं.

आता मी उद्यमबागेत पंपांचे स्टार्टर तपासते.
हल्लीचे रोधक मोहरीएवढे, पट्टे नसतात,
भिंगाखाली बारीक आकडे.
पोरं इंग्रजीत वाचतात.
मी ओठांतल्या ओठांत मूरु, मूरु, सोन्ने.
आणि कुठं काही जळालं
की वासाआधी
मला शिंक येते.