सोनईची जट

बँकेचे साहेब बदलून गेले गुवाहाटीला.
फ्रिज नेला, कूलर नेला, कुंडीतली तुळससुद्धा नेली.
मांजर राहिलं.
पांढरं, लांब केसांचं, चपट्या नाकाचं. नाव स्नोई.
देवकाबाईंनी तिची सोनई केली.

आता सोनईची कंबर वळत नाही,
पाठीपर्यंत जीभ पोचत नाही,
आणि देवकाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
हाताला गाठी लागायच्या
तर त्यांना वाटायचं, अंग धरलंय.
बरी भरली म्हणायच्या. खाल्लेलं लागते तिले.

मी नागपुरात सहा वर्षं होते, कुत्र्यामांजरांच्या पार्लरात.
आईची मान धरली म्हणून दिग्रसला परत आले.
इथं पाटी लावली नाही.
स्कूटीच्या डिक्कीत मशीन, पाती, तीन कंगवे,
आणि डब्यात मक्याचं पीठ.
मांजराची हजामत करून पैसे घेते म्हणे पोरगी,
किराणा दुकानापर्यंत हसू ऐकू येतं.

ओसरीतल्या उन्हात वाकळ अंथरली.
शेजारच्या पंचफुलाबाई कपाशी वेचून आल्या होत्या,
ओटी अजून सोडली नव्हती.
"हात नोको लावू वं. जट हाय थे.
ज्याले येते त्याले येते. देवीचं असते."

मी काही बोलले नाही.
बोटं घातली कानामागं, बगलेत, शेपटीच्या मुळाशी.
आधी पाणी नाही. पाणी लागलं की गाठ आवळते.
कात्री तर नाहीच,
जट ओढली की खालचं कातडं तंबूसारखं वर येतं,
म्हातारं कातडं, कांद्याच्या पापुद्र्याइतकं.
पातं आडवं धरायचं,
आणि जिथं दुखतं तिथं शेवटी जायचं.

मशीन घुरघुरलं. सोनई गुरगुरली.
एकदा चावली, अंगठ्याला,
दात होते तेवढ्यांनी.

जट सुटली ती केसांसारखी नाही,
घोंगडीच्या तुकड्यासारखी, एकसंध.
आत गोखरू. सरकी. पराटीची काडी.
फुलझडीची जळकी तार, कोणत्या दिवाळीची कोण जाणे.
आणि खाली
गुलाबी, सुरकुतलेलं, एका जागी लाल झालेलं अंग,
बरगड्या मोजून घ्याव्यात.

देवकाबाईंनी चाचपलं.
परत चाचपलं.
"एवढीशीच होती काय वं हे, माय?"

अर्ध्यावर थांबले.
उरलेलं पुढच्या मंगळवारी.
म्हाताऱ्या जिवाचं सगळं एका बैठकीत काढू नये,
हे पार्लरात शिकवलं नव्हतं.

दोनशे रुपये आणि पदरभर तुरीच्या शेंगा.
पंचफुलाबाई अजून तिथंच.
जटेचा गोळा उचलून तळहातावर तोलत होत्या,
बाजारात वांगी तोलतात तशा.
"पावशेर तरी असंन," म्हणाल्या,
आणि खाली ठेवताना
नमस्कार करावा की नाही, हात मधेच थांबला.

माझ्या आईची जट तेरा वर्षांची.
तिला उशी वेगळी लागते. मान डावीकडं कललेली.
कितीदा तिच्या मागं बसले, मशीन नाही, नुसती फणी घेऊन.
ती म्हणते, माझं असतं तर दिलं असतं.

संध्याकाळी तिनं माझ्या कुर्त्यावरचा पांढरा केस वेचला.
"कोणाचा?"
सांगितलं.
शेंगा सोलत ऐकत राहिली.
"मंग चालली कशी?"
म्हटलं, आधी अडखळली.
नसलेल्या वजनाला जागा देत, पाय फाकवून.
मग रांजणाच्या ओट्यावर चढली.
देवकाबाई म्हणाल्या, दोन वर्षांत चढली नव्हती.

आई काही बोलली नाही.
दाणे वेगळे, टरफलं वेगळी.
एक शेंग किडकी निघाली, ती फेकली.
मग, माझ्याकडं न बघता,
"मशीनचा आवाज लय होते काय?"

खोटं बोलता आलं असतं.
होतो, म्हटलं.
कानाजवळ होतो थोडा.