मूळ देश

अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या बंद कारखान्यात
चारशे ऐंशी खोकी.
दाराला दोन कुलपं : एक शेठचं, एक सरकारचं.
आत दिवे. हातात धरायचे, कपाळाला बांधायचे,
कडीला टांगायचे,
आणि एक जात अशी, जी उजेड देते,
रेडिओ लावते, वर मोबाइलही चार्ज करते.

ही जात न्हावा शेवाला अडली होती.
साहेबांनी लेखी विचारलं : ही वस्तू मुळात काय आहे?

मी कारकून. चौदा वर्षं हेच.
पंचाऐंशी तेरा : स्वतःच्या पोटावर जळणारे दिवे.
चौऱ्याण्णव पाच : छताचे, भिंतीचे, तारेवर जगणारे.
रेडिओ पंचाऐंशी सत्तावीस.
जिच्या पोटात तिन्ही आहेत
तिला कुठल्या कप्प्यात झोपवायचं?

आधी लिहिलं :
साहेब, लाईट गेल्यावर माणूस अंधारात
पहिलं बटण कुठलं चाचपतो?
मग ते खोडलं. नीट टाईप केलं :
प्रधान गुणधर्म, प्रकाश.
मान्य झालं.

पुढची हरकत :
खोक्यावर देश आहे, दिव्यावर नाही.
एकोणीस हजार दोनशे नग. प्रत्येकाच्या बुडाला लेबल हवं,
मगच सुटका.

म्हणून सत्यव्वा इराबत्ती आल्या, सोबत तिघी.
आडनावातच बत्ती, शेठ हसले.
हा विनोद त्यांनी लग्नापासून ऐकलेला.
याच शेडमध्ये, याच जाळीच्या खिडकीखाली
त्या टॉवेलच्या काठाला लेबल शिवायच्या : सोलापूर.
धागा तिरका गेला की मुकादम अख्खा डझन उसवायला लावायचा.
आता सुई नाही. अंगठा.

घरात तेलुगू, बाजारात कन्नड,
नळावर भांडण उर्दूत, माझ्याशी मराठी.
काय लिवलंय ह्यावर?
मूळ देश : चीन.
म्हंजे जल्मला तिथं?
हो.
आन ह्याची वात?
तैवानची असेल.
बॅटरी?
कागदावर नाही.
मग चीनचं काय हाय ह्यात?

मी सांगितलं : सुटे भाग कुठलेही असोत,
शेवटचा मोठा बदल जिथं झाला,
जिथं ते दिवा झाले, तो मूळ देश.

त्यांनी पाच-सहा दिवे पालथे केले, गप्प.
मग म्हणाल्या, आजा करीमनगरकडनं आला, माग डोक्यावर.
लोक अजून इचारतात, तुमी मूळच्या कुठल्या.
आता सांगते, शेवटचा बदल हितं झाला.
तिघी हसल्या. एकीला ठसका लागला.
आन बाहेर विणून आपल्या गावाचं नाव लावतात,
त्या चादरीला कोण अडवतं ओ?

ह्याला माझ्याकडे कप्पा नव्हता.
मी रजिस्टर उघडून बसलो.

चौथ्या दिवशी, साडेसहाला, वीज गेली.
शेडमध्ये एकोणीस हजार दोनशे दिवे
आणि बोट दिसेना.
एकीनं हात घातला खोक्यात. मी म्हणालो, नको.
सुटका झाली नाही अजून, पेटवता येत नाही.
खिशातला मोबाइल काढून त्याचा उजेड केला.
अकरा टक्के.
सत्यव्वा म्हणाल्या, बंद करा, उगा संपल.
आणि अंधारात
कागद सुटल्याचा चर्र आवाज,
अंगठा, बूड, पुढचा.
वीज आल्यावर मी शंभरेक तपासले.
एकही तिरकं नव्हतं.

सहाव्या दिवशी संध्याकाळी पैसे देऊन निरोप दिला.
रिक्षाकडे जाताना दिसलं,
त्यांच्या उजव्या कोपराला, मागच्या बाजूला,
चिकटलेलं एक.
हाक मारणार होतो.

लेबलांच्या हिशेबात एक कमी.
रकान्यात लिहिलं : वाया.
सही. शिक्का.