वजन

पुन्ता अरेनासमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधतात,
वाऱ्यात माणसाला धरायला.
लॅपटॉप पोटाशी घेऊन, दोर धरत
मी कुत्र्यांच्या निवाऱ्यात पोचले.
दोन्या एदुविनाने किटली चढवली. म्हणाली,
"यास्ना, बघ गं, यांच्या नावाआधी यांची बदनामी येते."

खरंच. पानावर एकोणीस कुत्री,
आणि प्रत्येकाच्या डोक्यावर, नावाच्याही वर,
*परत आणण्याचं कारण*.
"गालिचा खाल्ला."
"नवऱ्याला आवडत नाही."
"दिवा विझला की रडतो."
त्याखाली नाव, फोटो, वय, लशी,
रांगेत, निमूट.

सेटिंगमध्ये क्रम अगदी बरोबर: कारण सगळ्यात शेवटी.
ओढून वर नेलं, ओढून खाली आणलं, जतन केलं.
पान ढिम्म.
कॅशे पुसली. ढिम्म.
थीम बदलली, तर निवारा हिरवागार झाला
आणि बदनामी हिरव्या अक्षरांत वरच.

मॉड्यूलच्या पोटात प्रत्येक रकान्याला वजन असतं,
हलकं वर तरंगतं, जड तळाशी बसतं.
नाव दोन, फोटो चार, वय सहा, लशी आठ.
कारण दहा. सगळ्यात जड.
मग हे तरंगतंय कसं?

चार वाजताच अंधारलं. चहाचं पाणी तिसऱ्यांदा उकळलं.
तेव्हा कुठे दिसलं, वजनं आकडे म्हणून नव्हे,
अक्षरं म्हणून साठवली होती कुणी तरी.
दहामधला एक पाहिला की यंत्र पुढे वाचतच नाही,
एक हा दोनाच्या आधी, संपलं.
चार रकाने होते तोवर कुणाला कळलं नाही.
गेल्या हिवाळ्यात पाचवा आला.

दुरुस्ती अर्ध्या ओळीची.
कारणं खाली गेली, नावं वर आली:
तिस्ना, पान्चो, ला चूका, बारोन.
एदुविना बघत राहिली. मग हळूच,
"बारोनचं वरच राहू दे.
सकाळी पोर्वेनीरहून एकाचा फोन आला होता.
पहिली ओळ तेवढी वाचली त्याने. म्हणाला,
माझ्याही घरी दिवा रात्रभर जळतो.
नाव विचारलंच नाही."

म्हटलं, क्रम सगळ्यांना एकच असतो, दोन्या.
ती काही बोलली नाही. कप विसळत राहिली.
मग मी लिहिली एक लाजिरवाणी ओळ,
एका कुत्र्यापुरती,
आणि शेजारी टीप: *गुरुवारच्या फेरीनंतर काढणे.*

त्याला तीन महिने झाले.
बारोन गेला त्याच गुरुवारी.
ओळ अजून तिथंच आहे.