एक नाव कमी

पांढरकवड्याला दोनदा जाऊन आली माय,
दोन रोजची मजुरी बुडवून.
पहिल्या खेपेला लाइन नव्हती,
दुसऱ्या खेपेला सर्व्हर.

दिलखुश झोपेत अंगठा चोखते अजून,
सहा पुरी झाली तरी.
माय कडुनिंबाचा पाला चोळते नखाले,
तो कडूसकट चोखते.

तोच अंगठा रेशनच्या दुकानात काचेवर ठेवला.
ओला, सुरकुतलेला,
रात्रभर भिजल्या तुरीच्या दाण्यासारखा.
मडावीभाऊनं आपल्या सदऱ्यानं पुसला,
फुंकर मारली, पुन्हा टेकवला.
मशीन म्हणे, नाई.

कार्डावर आता आम्ही तिघं.
पाच किलो खाली आलं.
"मी कुठी गेलो वो बाई?"
मले विचारलं का मशीनले, कोण जाणे.

शाळेत हजेरीले तो सगळ्यात मोठ्यानं "हजर" म्हणते,
तोंड खिचडीच्या चुलीकडं.
रविवारी शाळा नसते.
आमच्या घरी रविवार लई लांब असते.

मी सहावीत हाये. भागाकार येते मले.
तिघांचं चौघात कसं बसवायचं
हे मॅडमनं शिकवलं नाई,
माय शाळा न शिकता करते.
तिचं ताट म्हणजे बाकी.
बहुतेक शून्य येते.

काल रात्री दिव्याजवळ
दिलखुशचा अंगठा उलटा करून पाह्यला.
रेषा हायेत.
बारीक हायेत, पण हायेत.
मोजत मोजत नवापर्यंत गेली,
तेवढ्यात झोपेतच त्यानं हात हिसकला
अन् तोंडात घातला.