एकशे सतरावं पान

पुस्तक आमच्या घरी आलं तेव्हा ते पुस्तक नव्हतं.
कांद्याच्या पापुद्र्यासारखे दोनशे चाळीस कागद,
टंकलेले, कार्बनची तिसरी प्रत,
बुटांच्या खोक्यात; वर झाकायला लोकरी मोजे.
तार्तूत त्या हिवाळ्यात नदी गोठून बसली होती
आणि खोकं फक्त नऊ रात्री आमचं होतं.

काल्यू वाचायचा. मी वाचलेली पानं पालथी घालायचे.
अक्षरं धुरकट, 'न' आहे की 'म'
हे कागद दिव्याजवळ धरून ठरवायचं.
टंकणाऱ्या बाईच्या एका चुकीनं
राखेच्या राजाच्या लांडग्याला दोन शेपट्या फुटल्या.
पुढे छापील आवृत्ती आली, तिच्यात एकच.
माझ्या लांडग्याला अजून दोन आहेत.

आणि एकशे सतरावं पान नव्हतंच.
एकशे सोळाच्या तळाशी नावाडीण ओर्विन
काळ्या पाण्यात वल्हं घालते, म्हणते, "आता..."
एकशे अठराच्या माथ्यावर पहाट झालेली असते,
होडी रिकामी,
आणि शेवटपर्यंत कुणी तिचं नाव काढत नाही.

काल्यू म्हणाला, बुडाली.
मी म्हणाले, तिनं आपला आवाज पाण्याला देऊन टाकला
आणि काठाकाठानं चालत गेली
दुसऱ्या कुणाच्या तरी गोष्टीत.
तो चौदाचा, मी अकराची.
तीन दिवस अबोला.
आईला वाटलं, मोज्यांवरून भांडलोत.

नंतर दुकानात सोनेरी अक्षरांचं जाडजूड पुस्तक मिळू लागलं.
मी घेतलं. "आता..." या शब्दापाशी थांबले,
डोळे मिटून पुढची पानं टाचणीनं टाचली.
टाचणी गंजली. कागदावर तपकिरी ठिपका आलाय,
तेवढं एक मला त्या पानांबद्दल ठाऊक आहे.

आज थिएटरबाहेरच्या रांगेत सगळी माझ्याहून तरुण.
माझ्या भाचीनं, मिर्तेलनं, खिडकीच्या पडद्याचा झगा शिवलाय,
खांद्यावर अजून हुकांची भोकं.
औषधाच्या दुकानातला राइदो सांगतोय,
शिंगाची लांबी चुकली, जाहिरातीवर त्यानं पट्टी लावून पाहिली.
कुणी म्हणतं, नटी जरा जास्तच देखणी.
कुणाला तिचे केस तांबडे हवेत.
पुस्तकात इतकंच आहे: ओल्या दोरखंडाच्या रंगाचे.
ज्याच्या त्याच्याकडे आपापला दोरखंड.

"आत्या, तुला काय हवंय सिनेमाकडून?"
काय सांगू?
की तिथं आल्यावर पडदा काळा व्हावा,
एक पान वाचून होईल इतका वेळ,
आणि अंधारात ज्यानं त्यानं आपलं बघावं.
"लांडगा बरा असावा," मी म्हणते.

लांडगा बरा होता.
शेपूट एक. पण बर्फावर सावली पडली
तेव्हा मी मोजून घेतल्या.
शिंगाच्या वेळी राइदो सुस्कारला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.
मग काळं पाणी आलं. होडी.
वल्हं बुडालं, तिनं तोंड उघडलं
आणि मी उठले.
गुडघे, कोट, कुणाच्यातरी मांडीवरचं पॉपकॉर्न ओलांडत,
"माफ करा, माफ करा" म्हणत, दाराबाहेर.

फोन थरथरत होता. काल्यू.
तो फिनलंडमध्ये बस चालवतो,
नाताळखेरीज फोन करत नाही.
तिथंही आज हाच खेळ, हीच वेळ.
"कुठं आहेस?"
"बाहेर. तू?"
"मीही. मशीनमधली कॉफी घेतोय. भयंकर आहे."
कुणीच काही बोललं नाही मग.
मागच्या जाड दाराआडून पाणी ऐकू येत होतं,
त्याच्या फोनमधूनही तेच पाणी, थोडं उशिरा.
"बुडालीच असणार," तो म्हणाला.
"नाही," मी म्हणाले.

पॉपकॉर्न विकणारी मुलगी काउंटर पुसता पुसता थांबली.
"काही बिघडलं का सिनेमात?"
"अजून नाही," मी म्हणाले,
आणि तिथल्याच स्टुलावर बसले.