शंभरातली दहा घरं

झोम्ब्याच्या कचेरीतून आकडा पक्का होऊन आला होता:
शंभरातली दहा.
अकरावं घर कितीही वाकलेलं असो,
ते अकरावंच.

कचेरे वृक्षाखाली गाव जमलं.
उन्हात टॅब्लेटचा पडदा दिसेना,
एका पोरीनं माझ्या डोक्यावर आपलं चितेंजे धरलं
आणि त्या रंगीत सावलीत मी विचारत गेले:
छप्पर गवताचं की पत्र्याचं?
रेडिओ? सायकल?
गेल्या आठवड्यात किती दिवस चूल एकदाच पेटली?

एनिफाच्या घरावर पत्रा होता.
मुलगा जोहान्सबर्गला खाणीत.
एका खेपेला ट्रकमधून पत्रे आले,
पुढच्या खेपेला तो.
पत्र्यासाठी फॉर्मात चौकट होती.
यंत्रानं गुण जोडले नि सांगितलं: गरीब नाही.
"मग उतरवू का पत्रा?" तिनं विचारलं.
चेष्टेनं नाही.
शिडी कोणाकडे मिळेल, हे ती शेजारणीला विचारत होती.

सात महिन्यांनी वहीच्या पानावर निनावी तक्रार:
इथे सरकारी पैसे वाटून खातात.

मोटरसायकलनं गेले. खरं होतं.
क्वाचा हातात पडले की त्याच रात्री
दहा घरं गावप्रमुख बिझेकीच्या अंगणात येत,
तिसरा हिस्सा निळ्या बादलीत टाकत,
आणि बादली यादीबाहेरच्या दारांवरून फिरे.
एनिफाला मीठ, साबण, अर्धा किलो साखर.

माझा गळा दाटून यायच्या बेतात होता,
तेवढ्यात कळलं,
बादलीतली पहिली मूठ बिझेकीची.
आणि फालेसी, जी एकदा नाही म्हणाली
(पोराला ताप होता, पैसे मोजलेले होते),
तिला हापशावर चार दिवस
कोणी रांगेत उभं राहू दिलं नाही.

मापात पाप म्हणतात.
माझ्या मापात होतं,
त्यांच्या बादलीतही तळाला थोडं.

कचेरीकडे यासाठी शब्द तयार होता: अपहार.
रकाना क्रमांक नऊ.
साहेबांचं मत जुनंच,
आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं.
पण आंधळं कोण, हे त्यांनी कधी नीट सांगितलं नाही.

रात्री कंदिलाशी बसून मी नववा रकाना रिकामा सोडला,
कागद उलटला, मागे लिहिलं:
पत्रा विचारता, तेव्हा तो कोणी घातला आणि तो आता कुठे आहे, तेही विचारा.
बादली राहू द्या, पण तिचा हिशेब झाडाला टांगा,
बिझेकीच्या मुठीसकट.
आणि फालेसीला नाही म्हणता यावं,
म्हणूनही पाणी मिळावं.
ही शेवटची ओळ
कोणत्या खात्यात बसते, मला माहीत नाही.

साहेब म्हणाले, "मागची बाजू स्कॅन होत नाही."

वर्ष गेलं. नवा फॉर्म आला.
सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत:
नाव वगळलं गेल्यास कारण विचारता येईल.
गुरुवारी, दहा ते बारा, खिडकी चार.
खिडकीत कोण बसणार, ते मला न विचारताच ठरलं होतं.

पहिल्या गुरुवारी साडेअकराला एनिफा.
शिरे नदीच्या अंगानं अठरा किलोमीटर चालून,
चपला हातात.
"पैशांचं नंतर," म्हणाली, "आधी कारण वाच."
मी वाचलं: पत्रा.
"पुन्हा वाच."
पुन्हा वाचलं.
तिनं मान हलवली, जणू
कोणीतरी अखेर तिच्या तोंडावर खोटं बोललं,
आणि आता उत्तर देता येईल.
"हां. आता माझं लिहून घे.
त्याचं नाव होतं डायसन. त्याला उंचीची भीती वाटायची.
तरी वर चढून खिळे त्यानंच..."

घड्याळात बारा.
शिपाई खिडकीची फळी खाली ओढू लागला.
मी दोन्ही कोपरं चौकटीत रोवली
आणि म्हटलं, "हं, खिळे त्यानंच. पुढं?"