तिसऱ्यांदा

मत्राहच्या मासळी बाजारामागं
हमद बलुशीच्या टायपिंग सेंटरात
संगणक सकाळपासून स्वतःच स्वतःला दुरुस्त करतोय.
पडद्यावर ठिपक्यांचं कडं फिरतं,
खाली अक्षरं : बिघाड शोधत आहे.
मग अंधार. पंख्याची घरघर. पुन्हा ठिपके.
हमद म्हणतो, "इसको बोलो, बस कर."

मी सांगतो, त्याचा नियमच आहे तसा.
लागोपाठ दोनदा उठता आलं नाही
की तिसऱ्यांदा तो उठायचा हट्ट सोडतो
आणि कबूल करतो,
माझं मला सुरू होता येत नाहीये.
कुणी विचारलेलं नसतं.
तो आपला आत कुठंतरी मोजत असतो.

बाकावर चौघं खोळंबलेत.
एका गवंड्याच्या हातात पासपोर्टची झेरॉक्स,
घामानं फडक्यासारखी मऊ पडलेली.
एसीचं पाणी तुपाच्या डब्यात टपटपतंय.

मागं जायच्या तारखांची यादी उघडली.
सगळ्या यंत्रानं आपणहून ठेवलेल्या,
एकच माणसानं नाव देऊन :
"गंगाधरन जाण्याआधी."
अकरा वर्षं याच खुर्चीत बसून
त्यानं लोकांचे अर्ज टाइप केले, विनंतीपूर्वक,
आणि शेवटच्या दिवशी, विमानाच्या चार तास आधी,
हे एवढं करून ठेवलं.
हमदला माहीत नव्हतं.
तो नाव बराच वेळ वाचत राहिला.
मी त्या तारखेवर बोट ठेवलं. नव्वद टक्क्यांवर अडकलं.
पुन्हा ठिपके.

वादी कबीरला आमच्या खोलीत सहा खाटा.
खिडकीजवळची खोपकरची, हेदवीचा.
त्याचा गजर पावणेपाचला वाजायचा.
एका रविवारी तो वाजला, त्यानं बंद केला, कूस बदलली.
सोमवारी वाजला, बंद केला.
आम्ही म्हटलं, असेल सुट्टी.
मंगळवारी माझे बूट सापडत नव्हते, म्हणून मी वैतागलो,
त्याच्याच खाटेखाली होते,
वाकून काढले आणि गेलो.
बुधवारी कंपनीच्या पिकअपवाल्यानं दार ठोठावलं,
"खोपकर कुठाय? चार दिवस झाले."
चार.
आम्ही पाच जण होतो खोलीत
आणि मोजत होता पिकअपवाला.

जिवंत होता. तसं काही नाही.
डोळे उघडे, भिंतीकडं तोंड.
"उठतोय," म्हणाला, "उठतोच आहे."

स्क्रू काढले. झाकण बाजूला ठेवलं.
आत धूळ, एक वाळलेली मुंगी,
आणि मेमरीच्या पट्टीच्या सोनेरी दातांवर
खाऱ्या हवेचा करडा थर.
समुद्र दोनशे पावलांवर,
रोज दार उघडताना थोडा थोडा आत आलेला.
आणि हे बिचारं तीन तास
स्वतःच्याच फायली उलथीपालथी करत होतं,
चूक आपलीच असणार असं धरून.

खोडरबरानं घासलं. शाळेतल्या चुका पुसायचो तसं,
थुंकी न लावता.
पट्टी खाचेत बसली, दोन्हीकडून टक् टक्.

ठिपके. अंधार. मी घड्याळाकडं पाहिलं नाही.
मग गंगाधरनचं वॉलपेपर आलं,
कुठलातरी पूल, कुठलीतरी नदी.
गवंडी उठून उभा राहिला.

हमदनं तीन रियाल दिले, वर खजुराची पुडी.
नवीन खूणतारीख बनवताना नाव विचारलं.
"सगळं ठीक" असं टाइप केलं, खोडलं,
"आज चालू झाला" एवढंच ठेवलं.

रात्री हेदवीला फोन लावला.
कोंबड्या पाळल्यात त्यानं, चाळीस.
एक कालपासून दाणा खात नाही म्हणाला,
दोन दिवस झाले, उद्या बघतो.
"उद्या नको," मी म्हटलं. "आत्ता जाऊन बघ."
चालताना त्याच्या चपला वाजत होत्या.
खिशात खोडरबर होतं,
एका कोपऱ्यावर समुद्र काळा होऊन बसलेला.